मुखराग आणि मिताक्षरा : वत्सगुल्म प्रदेशातील चेहरावाचनाचा इतिहास

वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील जऊळका हे गाव अकोला-पूर्णा लोहमार्गावरील स्थानकामुळे ‘जऊळका रेल्वे’ या नावाने परिचित आहे. ज्या वाशिम शहराच्या उत्तरेस ते वसले आहे, त्याचे प्राचीन नाव वत्सगुल्म असून इसवी सनाच्या चौथ्या आणि पाचव्या शतकांत तेथून वाकाटक घराण्याच्या एका शाखेने राज्य केले. माणसाच्या चेहऱ्यावरून त्याच्या मनातील भाव ओळखण्याची जी दीर्घ परंपरा महाराष्ट्रात दिसते, तिचा आरंभीचा सर्वांत समृद्ध अध्याय याच राजसत्तेच्या आश्रयाने लिहिला गेला. या परंपरेचे दोन प्रवाह आहेत. पहिल्यात, म्हणजे नाट्य, काव्य आणि चित्र यांत, चेहरा वाचला जावा म्हणूनच घडवला जातो. दुसऱ्यात, म्हणजे दरबार, चौकशी आणि न्याय यांत, समोरचा माणूस चेहरा झाकत असतो किंवा निदान झाकत असल्याचा संशय असतो. पहिल्यात शास्त्रकारांनी निःशंकपणे नियम सांगितले आणि दुसऱ्यात त्यांनीच हात आखडता घेतला. हा फरक त्यांनी जितका नीट ओळखला होता, तितका तो पुढच्या काळातील अनेक पंडितांना ओळखता आला नाही.

वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा संस्थापक सर्वसेन हा पहिल्या प्रवरसेनाचा पुत्र. त्याच्या वंशातील दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ मध्ये वाशिमलाच सापडला आणि त्यामुळे या शाखेचे स्वतंत्र अस्तित्व निर्विवाद ठरले. वंशावळ संस्कृतात आणि दानाचा मुख्य तपशील प्राकृतात, अशी त्या ताम्रपटाची दुभाषी रचना आहे. सर्वसेन केवळ राजा नव्हता, महाराष्ट्री प्राकृतात काव्यरचना करणारा कवीही होता. त्याचे ‘हरिविजय’ हे काव्य आज संपूर्ण उपलब्ध नसले तरी आनंदवर्धनासारख्या साहित्यशास्त्रज्ञांनी त्याचा उल्लेख केला आहे, आणि त्याचा विषय सत्यभामेचा रुसवा काढण्यासाठी कृष्णाने स्वर्गातून पारिजात आणल्याची कथा हा होता. रुसलेल्या मानिनीने काहीही न बोलता केवळ मुद्रेतून राग दाखवावा आणि नायकाने तो ओळखून तिची मनधरणी करावी, हा प्राकृत काव्याचा आवडता प्रसंग होय. त्यावर वत्सगुल्मच्या पहिल्याच राजाने काव्य रचावे, यावरून त्या दरबाराची रुची कशी होती याची कल्पना येते. पुढे दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म येथेच लावून दिला आणि त्या प्रदेशाशी कैशिकी वृत्तीची सांगड घातली. कैशिकी वृत्ती म्हणजे गीत, नृत्य आणि शृंगारचेष्टा यांना प्राधान्य देणारी सुकुमार नाट्यपद्धती. राजशेखराची ही कथा अर्थातच रूपक आहे, इतिहास नव्हे. पण वाकाटक राज्य लयाला जाऊन चार शतके उलटल्यावरही त्या नगराची कीर्ती अभिनय आणि काव्य यांच्याशी जोडलेली राहिली होती, इतके तिच्यावरून निश्चित म्हणता येते.

चेहऱ्याचे जे शास्त्र या रसिकतेच्या मुळाशी होते, ते भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात सविस्तर आले आहे. भरतांनी माणसाच्या मनात कायम वसणारे आठ स्थायी भाव मानले : रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा आणि विस्मय. येऊन-जाऊन असणाऱ्या तेहतीस भावांना त्यांनी व्यभिचारी म्हटले, आणि घाम, रोमांच, कंप, आवाजातील बदल, चेहऱ्याचा रंग उतरणे, अश्रू अशा आठ शारीरिक विकारांना सात्त्विक भाव असे नाव दिले. मनाची एकाग्रता असल्याखेरीज हे विकार उत्पन्न होत नाहीत, ही या नावामागची कल्पना. यानंतरचा भाग मात्र खऱ्या अर्थाने थक्क करणारा आहे. दृष्टीचे छत्तीस प्रकार, भुवयांच्या सात हालचाली, नाकाच्या सहा, गालांच्या सहा, ओठांच्या सहा, हनुवटीच्या सात, अशी चेहऱ्याची पाहणी एखाद्या मोजणीदाराने शेताचा प्रत्येक बांध चालून पाहावा तशी तपशिलाने केलेली आहे. करुण दृष्टी कशी असते, तर वरची पापणी खाली आलेली, डोळ्यांत पाणी, शोकाने बुबुळ मंदावलेले आणि नजर नाकाच्या शेंड्यावर स्थिरावलेली. हे वर्णन वाचून कोणताही नट ती दृष्टी आजही साधू शकतो.

या सर्वांवर भरतांनी मुखराग ठेवला. मुखराग म्हणजे भावामुळे चेहऱ्यावर येणारी छटा, आणि तिचे चार प्रकार सांगितले आहेत : स्वाभाविक, प्रसन्न, रक्त आणि श्याम. हातापायांचा अभिनय कितीही नेटका असला तरी मुखराग नसेल तर तो शोभत नाही, असा त्यांचा स्पष्ट अभिप्राय आहे. एका गोष्टीकडे मात्र दुर्लक्ष करून चालणार नाही. हे सगळे नियम नटासाठी आहेत. नट भाव दाखवू इच्छितो, प्रेक्षक तो ओळखू इच्छितो आणि दोघांनाही संकेत ठाऊक असतात. म्हणून येथे चेहऱ्याचे वाचन जवळजवळ अचूक होऊ शकते.

हेच ज्ञान चित्रकाराकडे कसे गेले, याचा धागा विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात सापडतो. नृत्याचे ज्ञान नसेल तर चित्राचे सूत्र समजणे अवघड, असे मार्कंडेय मुनी वज्र राजाला तेथे बजावतात, आणि मग डोळ्यांचे पाच आकार सांगतात. ध्यानस्थ माणसाचा डोळा धनुष्याच्या आकाराचा, स्त्रियांचा व प्रेमिकांचा माशाच्या पोटासारखा, निर्विकार माणसाचा नीलकमळाच्या पाकळीसारखा, भ्यालेल्या किंवा रडणाऱ्याचा पद्मपत्रासारखा आणि रागावलेल्या वा वेदनेने ग्रासलेल्याचा सहाणेसारखा काढावा. राग आणि वेदना यांना एकच आकार द्यावा, ही सूक्ष्म नजर आहे. दोन्हींत पापण्या ताणल्या जातात आणि केवळ डोळ्यांवरून त्यांतील फरक सांगणे खरोखरच कठीण असते. चित्रसूत्राच्या कर्त्याने येथे चित्रकाराला सोय करून दिली आणि त्याच वेळी वाचकाला एक इशाराही दिला.

वत्सगुल्मपासून वायव्येस, सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी आहेत. वत्सगुल्म शाखेचा राजा हरिषेण याच्या कारकिर्दीत, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्याचा मंत्री वराहदेव याने सोळावे लेणे कोरवून घेतले, असे तेथील शिलालेखावरून कळते. सतरावे लेणे हरिषेणाच्या एका मांडलिकाने करवले. सोळाव्या लेण्यात ‘मरणासन्न राजकन्या’ या नावाने प्रसिद्ध झालेले एक चित्र आहे. मंचकावर बसलेल्या एका कुलीन स्त्रीचा डावा हात उशीवर टेकला असून तिची मान कलली आहे, पापण्या मिटत आल्या आहेत, शरीरातील सगळा जोर गेला आहे आणि मागून एक दासी तिला सावरून धरते आहे. दुसरी एक मुलगी छातीवर हात ठेवून तिच्याकडे पाहते, तिसरी पंखा ढाळते, पांढऱ्या टोपीतला एक वृद्ध दारातून आत डोकावतो. भरतांच्या करुण दृष्टीचे वर्णन शेजारी ठेवून पाहिले तर मुख्य स्त्रीच्या चेहऱ्यात खाली आलेली पापणी आणि मंद नजर दोन्ही जुळतात. पण चित्राची ताकद तेवढ्यावर उभी नाही. तिच्या दुःखाचे माप पाहणाऱ्याला मिळते ते भोवतालच्या चेहऱ्यांवरून, कारण त्यांपैकी प्रत्येक जण तिचाच चेहरा वाचण्यात गुंतला आहे. पंधराशे वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकाराने चेहरा काढलाच, शिवाय चेहरा वाचण्याची कृतीही काढली.

मुंबईच्या कलाशाळेतील चित्रकार जॉन ग्रिफिथ्स याने १८७२ पासून आपल्या भारतीय विद्यार्थ्यांसह अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम हाती घेतले, आणि या चित्रातील कारुण्याला कलेच्या इतिहासात तोड नाही असा अभिप्राय दिला. त्याला ही स्त्री मरणाच्या दारात दिसली आणि ते नाव चित्राला कायमचे चिकटले. पुढील अभ्यासकांनी चित्राचा प्रसंग ओळखला तेव्हा अर्थ पालटला. ही बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याची पत्नी सुंदरी असून, नंदाने संन्यास घेतल्याचे सांगणारा त्याचा मुकुट समोर आल्यामुळे ती मूर्च्छित होत आहे. ग्रिफिथ्सने शोक अचूक ओळखला होता, कारण तो चेहऱ्यावर होता. शोकाचे कारण त्याला चुकले, कारण ते चेहऱ्यावर नव्हते, कथेत होते. उत्तम चित्रकाराने, वाचला जावा म्हणूनच रंगवलेल्या चेहऱ्याच्या बाबतीत ही गत, तर झाकलेल्या चेहऱ्याबद्दल काय बोलावे?

झाकलेल्या चेहऱ्याचा विचार कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुरू होतो. राजाची मसलत फुटू नये म्हणून कोणती दक्षता घ्यावी हे सांगताना कौटिल्याने इंगित आणि आकार अशा दोन संज्ञा वापरल्या आहेत. नेहमीपेक्षा वेगळे वागणे म्हणजे इंगित आणि मुद्रेवर उमटणारी आकृती म्हणजे आकार. या दोहोंतून गुपित बाहेर पडते, म्हणून कार्य पूर्ण होईपर्यंत दोन्ही आवरावीत, असा त्याचा सल्ला आहे. राजाला विष देणारा कसा ओळखावा याची लक्षणेही त्याने नोंदवली आहेत : तोंड सुकणे आणि काळवंडणे, बोलताना अडखळणे, चहूकडे पाहणे, घाम, जांभया, कंप, एका जागी न ठरणे. राजवाड्यात ही यादी वापरायला हरकत नव्हती, कारण तेथे संशयावरून माणसाला दूर केले की काम भागत असे. न्यायसभेत मात्र तेवढ्याने भागत नाही.

मनुस्मृतीने राजाला स्वर, वर्ण, इंगित, आकार आणि डोळे यांवरून वादी-प्रतिवाद्यांचे अंतरंग जाणण्यास सांगितले. याज्ञवल्क्यस्मृतीने त्याहून पुढे जाऊन दुष्ट पक्षकार आणि खोट्या साक्षीदाराची खूणच सांगितली : तो जागा बदलत राहतो, ओठांचे कोपरे चाटतो, त्याच्या कपाळावर घाम येतो, चेहऱ्याचा रंग उतरतो, शब्द सुकून अडखळतात, तो परस्परविरुद्ध बोलतो, नजरेला नजर देत नाही. येथवर कौटिल्य आणि याज्ञवल्क्य एकाच वाटेने चालतात. पण कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात विज्ञानेश्वराने या स्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली, तेव्हा या वचनावर त्याने जो खुलासा केला तो या सगळ्या इतिहासातील सर्वांत मोलाचा भाग म्हणावा लागेल. त्या वेळची राजधानी कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण, मराठी मुलखाच्या ऐन सीमेवरचे. विज्ञानेश्वराचे म्हणणे असे की, या खुणांवरून दोषाची केवळ शक्यता सांगता येते, निश्चय करता येत नाही, कारण माणसाचा स्वाभाविक विकार कोणता आणि प्रसंगाने उत्पन्न झालेला कोणता, हे वेगळे करणे अवघड असते. एखाद्याच्या कपाळावर जात्याच घाम येत असेल, कोणी सभेत उभे राहिले की अडखळत असेल; तेवढ्यावरून त्याला खोटा ठरवता येणार नाही.

ही सावधगिरी स्मृतीच्या मूळ रचनेशी सुसंगतच होती. याज्ञवल्क्याने प्रमाणे मोजली ती लेख, भोग म्हणजे वहिवाट, आणि साक्षीदार ही. यांपैकी काहीच नसेल तर दिव्य, म्हणजे दैवी कसोटी. या यादीत चेहरा कोठेच नाही. महाराष्ट्रात आणि वऱ्हाडात वारसा, दत्तक, वाटणी यांचे निवाडे शतकानुशतके मिताक्षरेच्या आधारे होत राहिले, त्यामुळे विज्ञानेश्वराचे नाव वारसाहक्काशीच जोडले गेले. साक्षीदाराच्या मुद्रेविषयीचे त्याचे हे एक वाक्य मात्र ग्रंथाच्या व्यवहाराध्यायात पडून राहिले. ही उपेक्षा अनाठायी होती.

पाश्चात्त्य विज्ञानाने या विषयाला हात घातला त्या वेळी महाराष्ट्र पुन्हा एकदा, काहीशा गमतीदार रीतीने, पुढे आला. मानवी भावमुद्रा जगभर सारख्याच आहेत काय, हे तपासण्यासाठी चार्ल्स डार्विनने १८६७ मध्ये छापील प्रश्नावली तयार करून विविध देशांतील मिशनरी, अधिकारी आणि वसाहतवाल्यांकडे पाठवली. विस्मयाने डोळे विस्फारतात का, लाजेने चेहरा लाल होतो का आणि काळ्या कातडीवर तो कसा कळतो, अशा धर्तीचे सोळा प्रश्न त्यात होते. त्याला छत्तीस उत्तरे मिळाली आणि त्यांचा उपयोग करून १८७२ मध्ये माणूस व प्राणी यांच्या भावाभिव्यक्तीवरचा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत एच. अर्स्किन नावाच्या, मुंबई इलाख्यातील अहमदनगर जिल्ह्यात लोकांचे निरीक्षण केलेल्या इंग्रज गृहस्थाचा उल्लेख येतो. अर्स्किनला कोणत्याही खात्रीच्या निष्कर्षाला पोचणे फार जड गेले, कारण युरोपीयांच्या समोर येथील लोक आपले सगळे भाव सवयीने लपवत, असे डार्विनने नोंदवले आहे.

डार्विनच्या दृष्टीने ही निरीक्षणातील अडचण होती. नाट्यशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर अर्स्किनला एक भाव अगदी स्पष्ट दिसला होता. भरतांच्या तेहतीस व्यभिचारी भावांत अवहित्था नावाचा एक भाव आहे. अवहित्था म्हणजे मुद्रा झाकणे. लज्जा, भय, पराभव, गौरव म्हणजे वडीलधाऱ्याचा वा मोठ्याचा दबदबा, आणि कुटिलता ही तिची कारणे सांगितली असून भलतेच बोलणे, खाली पाहणे, बोलणे मध्येच तोडणे आणि उसने धैर्य आणणे ही तिची लक्षणे आहेत. साहेब समोर उभा राहून चेहरा न्याहाळू लागला असता अहमदनगरच्या रयतेच्या मनात यांपैकी भय आणि गौरव दोन्ही असणार, पराभवाची जाणीवही फार जुनी नव्हती. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यानंतर जन्मलेली पहिलीच पिढी तेव्हा उतारवयाला लागली होती. अर्स्किनने पाहिले ते भावांचे नसणे नव्हे. सत्तेपुढे उभ्या असलेल्या माणसाचा तोच नेमका भाव होता. निरीक्षक स्वतः त्या दृश्याचा भाग आहे, हे मात्र प्रश्नावलीतील कोणत्याच प्रश्नाने विचारले नव्हते.

डार्विनचा ग्रंथ निघाला त्याच १८७२ साली भारतीय पुरावा कायदा अमलात आला. नव्या न्यायव्यवस्थेनेही चेहऱ्याला जागा दिली, पण ती विज्ञानेश्वराने दिली होती तितकीच. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील अठराव्या आदेशाचा बारावा नियम साक्षीदाराच्या वर्तनाविषयी न्यायालयाला योग्य वाटेल तो शेरा लिहिण्याची मुभा देतो, आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २८० मध्येही साक्ष नोंदवणाऱ्या न्यायाधीशाने असा शेरा लिहिण्याची तरतूद होती.

मधल्या काळात कलेच्या प्रवाहालाही मराठी मातीत नवे वळण मिळाले. ग्रिफिथ्स ज्या संस्थेत शिकवत होता त्याच मुंबईच्या कलाशाळेत १८८५ मध्ये दाखल झालेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. मूकपटात संवाद ऐकू येत नसल्यामुळे भाव सांगण्याचे बहुतेक ओझे पुन्हा मुद्रेवरच पडले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन याने पापुआ न्यू गिनीतील फोरे जमातीत प्रयोग करून आनंद, दुःख, राग, भय, किळस आणि आश्चर्य या सहा भावांच्या मुद्रा सर्व मानवजातीत समान असल्याचा सिद्धांत मांडला. १९७८ मध्ये त्याने वॉलेस फ्रीझन याच्यासह चेहऱ्याच्या स्नायूंच्या हालचालींना क्रमांक देणारी पद्धती प्रसिद्ध केली. त्याची सहाची यादी भरतांच्या आठांपैकी हास, शोक, क्रोध, भय, जुगुप्सा आणि विस्मय यांच्याशी जवळपास जुळते. रती आणि उत्साह तेवढे वगळले गेले. २००० साली अहल्या हेजमाडी आणि त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांनी तर नाट्यशास्त्रातील वर्णनांप्रमाणे केलेला अभिनय चित्रित करून भारतीय आणि अमेरिकन प्रेक्षकांना दाखवला, आणि दोन्हीकडच्या लोकांनी ते भाव बऱ्याच अंशी बरोबर ओळखले. भरतांच्या अनुयायांनी याचा अभिमान जरूर बाळगावा, पण प्रयोगात दाखवले गेले ते अभिनयाचे चेहरे होते, हेही ध्यानात ठेवावे. रोजच्या व्यवहारातील चेहऱ्यांविषयीच्या संशोधनाचा आढावा लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये घेतला, तेव्हा केवळ मुद्रेवरून भाव खात्रीने सांगता येत नाही, एकच भाव निरनिराळ्या मुद्रांतून आणि एकच मुद्रा निरनिराळ्या भावांतून उमटते, असा निष्कर्ष निघाला. नवशे वर्षांपूर्वीच्या मिताक्षरेला हे नवे वाटले नसते.

तरीही शरीरावरील खुणांतून सत्य काढून घेण्याचा मोह सुटलेला नाही. याज्ञवल्क्याने ज्या घामाची नोंद केली, तो कातडीवर तार लावून मोजणाऱ्या पॉलिग्राफ यंत्राचा वापर भारतीय तपासयंत्रणा करू लागल्या, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात ५ मे २०१० रोजी, संमतीशिवाय कोणावरही अशी चाचणी करता येणार नाही, असा निर्णय दिला. युरोपीय संघाने कामाच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांत भाव ओळखणाऱ्या संगणकीय प्रणालींवर, वैद्यकीय आणि सुरक्षेचे अपवाद वगळता, फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली.

जऊळक्याला स्वतःचे पोलीस ठाणे आहे. त्याच्या हद्दीतील एखादा खटला जिल्ह्यातील न्यायालयात उभा राहतो आणि साक्षीदार पिंजऱ्यात अडखळतो किंवा त्याच्या कपाळावर घाम येतो, तेव्हा न्यायाधीश आजही त्याची नोंद करू शकतो. ती नोंद साक्षीचे मोल ठरवताना विचारात घेतली जाते, पुराव्याच्या जागी मात्र ती बसत नाही.